अ‍ॅनफिल्डपासून साडेचार तास पुढे: लांबून लिव्हरपूलचे पाठीराखे होताना

शनिवारी दुपारी ३ वाजता लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर सामना सुरू होतो, तेव्हा नाशिकमधला माणूस घरी बसून तो थेट पाहू शकतो. मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाकडे तिकीट नसेल, तर त्याला तो टीव्हीवर दिसत नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या अडीच तासांत कुठलाही फुटबॉल सामना थेट दाखवायचा नाही, असा नियम आहे. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा मुद्दा लावून धरला होता. मोठ्या क्लबांचे सामने घरबसल्या दिसले, तर खालच्या विभागांतल्या छोट्या क्लबांच्या मैदानांवर कोण जाईल, असा त्यांचा सवाल होता. तो नियम आजही टिकून आहे. २०२५-२६ पासूनच्या करारांनुसार इंग्लंडमधल्या सर्वोच्च प्रीमियर लीगच्या ३८० सामन्यांपैकी किमान २६७ ब्रिटनमध्ये थेट दिसतात. उरलेले शंभराहून जास्त सामने फक्त मैदानावर जाणाऱ्यांना आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना पाहायला मिळतात.

म्हणजे लांबच्या पाठीराख्याला सामना पाहणं सोपं आणि मैदानात शिरणं महाकठीण. दोन्हींमागे ठोस कारणं आहेत आणि ती समजून घेतली की पैसा, झोप आणि मनस्ताप बराच वाचतो. इथे उदाहरण लिव्हरपूलचं घेतलं आहे. आर्सेनल किंवा मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनाही यातलं बहुतेक सगळं थोड्याफार फरकानं लागू पडेल.

आधी घड्याळ

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, ब्रिटनचं वर्षातून दोनदा सरकतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, बाकीचे महिने साडेपाच तास. २०२६ मध्ये या तारखा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर आहेत. हंगाम ऑगस्ट ते मे चालतो, त्यामुळे दरवर्षी हा बदल हंगामाच्या मधेच दोनदा गाठतो आणि त्या रविवारी कितीतरी जण एक तास चुकतात.

उन्हाळी वेळेत शनिवारचा १२.३०चा सामना आपल्याकडे संध्याकाळी ५ला, ३चा साडेसातला आणि ५.३०चा रात्री १०ला लागतो. रविवारी २चा साडेसहाला, ४.३०चा ९ला. हिवाळ्यात या प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा. इथपर्यंत सगळं सुखाचं आहे. खरी परीक्षा रात्री ८च्या सामन्यांची. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेचे बहुतेक सामने आणि लीगचे सोमवारचे सामने तेव्हाच असतात. म्हणजे आपल्याकडे रात्री १२.३० किंवा १.३०, आणि तारीख पुढची. मंगळवारचा सामना आपल्या कॅलेंडरवर बुधवारी येतो. रजा टाकताना, मित्रांना निरोप देताना, अलार्म लावताना ही तारीख हमखास चुकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे वेळापत्रक क्लबच्या अधिकृत कॅलेंडरमधून थेट फोनमध्ये जोडून घ्यायचं. फोन आपल्या वेळेत रूपांतर करतोच, शिवाय सामन्याची वेळ बदलली की नोंदही आपोआप बदलते. हातानं टाकलेली नोंद मात्र जुनीच राहते.

दोन्ही अर्ध, मध्यंतर आणि वाढीव मिनिटं धरून एक सामना साधारण पावणेदोन ते दोन तास चालतो. १.३०ला सुरू झालेला संपतो साडेतीनच्या आत-बाहेर. तोवर मुंबईत शेवटची लोकल गेलेली असते आणि बारही बंद झालेले असतात. म्हणून पाठीराख्यांचे गट एकत्र स्क्रीनिंग ठेवतात ती शनिवार-रविवारच्या संध्याकाळची, आणि युरोपियन रात्री बहुतेक जण घरीच टीव्हीचा आवाज बारीक ठेवून काढतात. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: मोबाइल अ‍ॅपवरचं प्रक्षेपण डिश टीव्हीच्या मागे असतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. गटात कोणी डिशवर पाहत असेल, तर गोल तुमच्या स्क्रीनवर दिसण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. सामना सुरू होताना स्कोअर सांगणाऱ्या अ‍ॅपच्या सूचना आणि तो गट दोन तास बंद ठेवलेले बरे.

जूनमधलं वेळापत्रक पक्कं नसतं

प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनच्या मध्याला जाहीर होतं आणि नवा पाठीराखा त्या दिवशी विमानाचं तिकीट काढायला धावतो. इथेच सगळ्यात महागडी चूक होते. त्या यादीत शनिवार-रविवारच्या फेऱ्यांचे सामने मुळात शनिवारी दुपारी ३ला मांडलेले असतात. नंतर टीव्ही कंपन्या महिन्या-महिन्याच्या टप्प्यानं आपापले सामने निवडतात आणि ते शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत कुठेही सरकतात. ही निवड साधारण पाच-सहा आठवडे आधी कळते. त्यात युरोपियन सामना आला की आणखी सरकवासरकव: गुरुवारी रात्री युरोपमध्ये खेळणाऱ्या संघाला शनिवारी खेळवता येत नाही, म्हणून त्याचा लीग सामना रविवारी जातो. एफए कप किंवा लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धांत संघ पुढे गेला, तर त्या आठवड्यातला लीग सामना कधीकधी पूर्णच उचलून महिनाभरानं एखाद्या मधल्या वारी टाकतात.

म्हणून प्रवास ठरवताना तारीख धरू नका, खिडकी धरा. ज्या शनिवारी सामना आहे त्याच्या आधीच्या गुरुवारी पोचायचं आणि पुढच्या मंगळवारी निघायचं, असा बेत ठेवला की शुक्रवार ते सोमवार काहीही झालं तरी सामना हातचा जात नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सगळ्यात बेभरवशाचा, कारण कपच्या बाद फेऱ्या तेव्हाच असतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर त्यामानानं सुरक्षित. फक्त सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अधूनमधून देशांच्या संघांसाठी लीग थांबते, ते आठवडे आधी बघून वगळा.

तिकिटाची सोडत

अ‍ॅनफिल्डची क्षमता आज सुमारे ६१ हजार आहे. त्यातल्या बऱ्याच जागा हंगामभराचं तिकीट असलेल्यांच्या नावावर आहेत. त्या तिकिटांची प्रतीक्षा यादी इतकी लांब आहे की आज नाव घातलेल्याचा नंबर कित्येक वर्षांत लागत नाही. काही जागा पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या, काही कंपन्यांच्या. उरलेल्या जागांसाठी जगभरातले सदस्य झगडतात.

पहिली पायरी सदस्यत्वाची. दरवर्षी क्लबच्या संकेतस्थळावरून ते घ्यावं लागतं. भेटवस्तूंचा डबा घरी पाठवणारं महाग सदस्यत्व घेतलं म्हणून तिकिटाची शक्यता वाढत नाही. तिकिटासाठी साधं डिजिटल सदस्यत्व पुरतं. सदस्यत्व म्हणजे तिकीट नव्हे, फक्त रांगेत उभं राहण्याचा हक्क. म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरल्यावर घर मिळत नाही, तसंच.

दुसरी पायरी आधीच्या हजेरीची. अलीकडच्या हंगामांत पद्धत अशी राहिली आहे: मागच्या हंगामात घरच्या चार किंवा जास्त लीग सामन्यांना गेल्याची नोंद ज्या सदस्यांच्या नावावर आहे, त्यांना आधी खरेदी करता येते. उरलेल्या तिकिटांची सोडत निघते. लांबच्या पाठीराख्याच्या खात्यावर ही नोंद नसते, म्हणून त्याच्या वाट्याला फक्त सोडत येते. हे अन्यायाचं वाटू शकतं, पण आमच्या मते नियम बरोबर आहे. पावसात, मंगळवारी रात्री, दुबळ्या संघाविरुद्धसुद्धा जो येतो, त्याचा हक्क आधी असायलाच हवा.

सोडतीची नावनोंदणी हंगामाच्या पहिल्या भागासाठी उन्हाळ्यात आणि दुसऱ्या भागासाठी पुढे शरद ऋतूत उघडते आणि थोडेच दिवस चालू असते. ती हुकली की पुढचे कित्येक महिने हुकले. नोंदणी करताना सामने निवडण्यात चूक होते. सगळे जण मँचेस्टर युनायटेड, एव्हर्टन, आर्सेनल यांच्यावर टिकमार्क करतात. त्याऐवजी खालच्या विभागातून नुकत्याच वर चढलेल्या क्लबविरुद्धचे आणि मधल्या वारचे सामने मागितले, तर नंबर लागण्याची शक्यता जास्त. चार मित्र एकत्र जाणार असतील, तर खाती आधीच एकमेकांशी जोडून ठेवावी लागतात. आणि चौघांनी मिळून एकच अर्ज केला की चौघांना मिळतं, नाहीतर कोणालाच नाही.

पैसे भरताना भारतीय कार्ड हमखास अडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करायचे, मर्यादा वाढवायची आणि हे सगळं विक्रीच्या आदल्या दिवशी करून ठेवायचं. रांग उघडल्यावर ओटीपी येत नाही म्हणून बँकेला फोन लावत बसलं, तर जागा दुसऱ्याच्या टोपलीत गेलेली असते. तत्काळ तिकीट सकाळी १०ला काढणाऱ्यांना हा अनुभव समजावून सांगायला नको. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार दोन ते साडेतीन टक्के लागतो आणि त्या अधिभारावर जीएसटी वेगळा. सर्वसाधारण प्रौढ तिकीट मोटामोटी ४० ते ६० पौंडांचं असतं.

सोडतीत नाव आलं नाही तरी दार पूर्ण बंद होत नाही. हंगामी तिकीटधारक एखाद्या सामन्याला येऊ शकत नसेल, तर तो आपली जागा क्लबच्याच संकेतस्थळावर परत विकायला ठेवतो आणि सदस्य ती मूळ दरानं घेतात. अशा जागा सामना जवळ आला की जास्त निघतात. रोज थोडा वेळ पान ताजं करत राहणारे लोक सुटे एक-एक तिकीट मिळवतात. दोघांना शेजारी-शेजारी मिळणं अवघड. लीग कपच्या सुरुवातीच्या फेरीत किंवा जानेवारीत एफए कपच्या तिसऱ्या फेरीत खालच्या विभागातला संघ अ‍ॅनफिल्डवर आला, तर तिकीट त्यामानानं सोपं. जेवणासह महागड्या जागांचे पॅकेज थेट मिळतात, पण ते काही शे पौंडांना. आयुष्यात एकदाच जायचं असेल आणि तारीख पक्कीच हवी असेल, तर हाच सरळ रस्ता आहे.

जो रस्ता अजिबात धरू नये तो इंटरनेटवरच्या पुनर्विक्रीचा. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४च्या कायद्यानं फौजदारी गुन्हा आहे. नाटकाच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटाला हा नियम नाही, फुटबॉलला आहे. कारण सुरक्षेचं: विरुद्ध बाजूचे पाठीराखे एकमेकांत बसू नयेत म्हणून कुठल्या खुर्चीवर कोण आहे हे क्लबला माहीत असावं लागतं. दलाल अनेकदा कोणाच्या तरी सदस्य-खात्याचा पास भाड्यानं देतो. तो पास सामन्याच्या सकाळी क्लबनं रद्द केला, तर तुम्ही मैदानाबाहेर आणि पैसे दलालाकडे.

व्हिसा आणि तिकीट यांचं उलटसुलट गणित

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क १२७ पौंड झालं. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. ठशांसाठी मुंबई किंवा पुण्यातल्या केंद्रात वेळ घ्यावी लागते आणि गर्दीच्या दिवसांत ही वेळच लवकर मिळत नाही.

अडचण अशी की आपल्या हातात येणारं तिकीट बरेचदा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येतं, म्हणजे व्हिसाची वेळ उलटून गेल्यावर. म्हणून क्रम उलटा ठेवा. व्हिसा आधी, तिकीट नंतर. अर्जाला सामन्याचं तिकीट जोडण्याची गरज नसते. फिरायला जातोय आणि सामनाही पाहायचा आहे, हे खरं कारण पुरतं. तपासणारा अधिकारी पाहतो ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरीचं आणि रजेचं पत्र, आयकर विवरण आणि प्रवासाचा खर्च तुमच्या उत्पन्नाला साजेसा आहे का हे. अर्जाच्या आठवड्यात कोणाकडून तरी दोन-तीन लाख खात्यात आणून ठेवले, तर ते सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात आणि नकाराचं कारण ठरतात.

फोनच तिकीट

कागदी तिकीट गेलं. आता पास फोनमध्ये असतो आणि दारातल्या यंत्राला फोन टेकवून आत जायचं असतं. त्यासाठी फोनमध्ये एनएफसी लागतं, ज्यानं दुकानात कार्डाऐवजी फोन टेकवून पैसे देता येतात ती सोय. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त फोनांत ती नसते. सेटिंग्जमध्ये एनएफसी हा शब्द शोधा. नसेल तर निघण्यापूर्वी एखाद्याचा जुना चालेलसा फोन मागून घ्या. स्क्रीनशॉट चालत नाही, कारण यंत्र चित्र वाचत नाही, चिपचा सिग्नल वाचतं. पास घरी, वायफायवर, फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. मैदानाबाहेर हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात आणि तिथे पान उघडत नाही. खात्यात शिरताना ओटीपी भारतीय नंबरवर येणार असेल, तर रोमिंग चालू हवं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून छोटी पॉवर बँक खिशात असू द्या.

दाराशी प्रत्यक्षात असं होतं. आधी जॅकेट उघडून तपासणी. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पाठीवरची सॅक हॉटेलातच ठेवा. मग एकावेळी एकच माणूस मावेल एवढी अरुंद फट. फोनची पाठ वाचकाच्या चौकटीवर सपाट धरायची, हलवायची नाही, सेकंदभर थांबायचं. दिवा हिरवा झाला की लोखंडी फिरतं दार अंगानं ढकलायचं. फोनला जाड किंवा चुंबकी कव्हर असेल तर सिग्नल पोचत नाही आणि मागे रांग खोळंबते. कव्हर आधीच काढून ठेवा.

लाइम स्ट्रीट हे शहराचं मुख्य स्टेशन, लंडनच्या युस्टनहून साधारण सव्वादोन तासांवर. तिथून मैदान सुमारे तीन किलोमीटर. बस मिळतात, शिवाय मर्सीरेलच्या सँडहिल्स स्टेशनवरून सामन्याच्या दिवशी खास बस सुटतात. सामना संपल्यावर रस्ते काही काळ तुंबतात, म्हणून परतीची गाडी सामना संपल्यानंतर दोन-अडीच तासांनीच धरावी.

आत गेल्यावर काही नियम कायद्याचे आहेत. खेळपट्टी दिसेल अशा ठिकाणी दारू पिणं १९८५च्या कायद्यानं बंद आहे, म्हणून बिअरचा पेला मागच्या मार्गिकेतच संपवायचा. मैदानात पाय टाकणं हा १९९१च्या कायद्यानं गुन्हा आहे, कौतुकानं धावलात तरी. काही नियम अलिखित आहेत. पाहुण्या संघाची जर्सी घालून यजमानांच्या भागात बसलात, तर कर्मचारी बाहेर काढतात. बाहेर फेरीवाले अर्धा एका संघाचा, अर्धा दुसऱ्याचा असा जोडस्कार्फ विकतात. तो आठवण म्हणून घेतला जातो, पण नेहमीच्या लोकांना तो खुपतो, कारण त्यांच्या लेखी त्या नव्वद मिनिटांत दोन्ही बाजूंचं असणं शक्यच नसतं. साधा लाल स्कार्फ घ्या. सामन्याआधीचं गाणं सुरू झालं की तो दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचा असतो. तेवढी दोन मिनिटं फोन खिशात ठेवा, हात मोकळे लागतात.

तिकीट मिळालंच नाही तर? मैदानाची फेरी घेता येते, पण ती सामन्याच्या दिवसांभोवती मर्यादित असते, आधी आरक्षण करा. महिला संघ २०२४ पासून सेंट हेलन्सच्या मैदानात खेळतो. तिथे तिकीट सहज मिळतं आणि खेळाडू इतक्या जवळून दिसतात की त्यांची एकमेकींना मारलेली हाक ऐकू येते.

ज्यांचा क्लब आहे त्यांना ओळखणं

कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल: संघ आधी तालमीचा, पेठेचा, मग शाहू स्टेडियमवरच्या चषकाचा. लिव्हरपूलही असंच आहे. अ‍ॅनफिल्डवर १८८४ पासून एव्हर्टन खेळत होतं. जागेवरून तिचे मालक जॉन हौल्डिंग यांच्याशी वाद झाला, एव्हर्टन निघून गेलं आणि रिकाम्या मैदानासाठी १८९२ मध्ये हौल्डिंग यांनी लिव्हरपूल उभं केलं. पुढची १३० वर्षं दोघांमध्ये फक्त स्टॅन्ली पार्क होता. २०२५ मध्ये एव्हर्टन गोदीकाठच्या नव्या मैदानात गेलं. एकाच घरात एक भाऊ लाल आणि एक निळा हे तिथे नवलाचं नाही.

मैदानाच्या ज्या टोकाला कॉप म्हणतात त्याचं नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप टेकडीवरून, १९०६ मध्ये पडलं. जानेवारी १९०० मधल्या तिथल्या लढाईत लँकेशायरच्या पलटणींचे खूप सैनिक मारले गेले होते. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. त्या दिवसाशी आपलंही हे एक नातं आहे.

आणि एक तारीख प्रत्येक पाठीराख्याला पाठ हवी: १५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपचा उपांत्य सामना होता. कुंपण घातलेल्या भागात पोलिसांनी गर्दी जाऊ दिली आणि चेंगरून लोक गेले. ९७ जण, त्यातला शेवटचा २०२१ मध्ये, त्या दिवशीच्याच इजांमुळे. दोष पाठीराख्यांवर ढकलला गेला. ‘द सन’ या वृत्तपत्रानं चार दिवसांनी त्यांच्याविषयी खोट्या गोष्टी पहिल्या पानावर छापल्या. कुटुंबं लढत राहिली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं खरं काय ते मांडलं आणि २०१६ मध्ये ज्युरीनं हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचा निर्णय दिला. म्हणूनच लिव्हरपूल शहरात ते वृत्तपत्र आजही बहुतेक दुकानांत मिळत नाही. खेळाडूंच्या क्लब-बदलाच्या अफवा शेअर करताना त्याची लिंक पुढे ढकलू नका. मँचेस्टर युनायटेडशी सामना असेल तेव्हा त्यांच्या संघाच्या १९५८च्या म्युनिक विमान अपघातावरच्या ओळी कोणी गायला लागलं, तर त्यात आवाज मिसळू नका. त्या अपघातात २३ माणसं गेली होती. हिल्सबरोचं दुःख ज्याला कळतं त्याला हे कळायला हवं.

आपले पैसे आणि आपलं मत

इथे भरलेल्या वर्गणीचं काय होतं? भारतातली वाहिनी प्रसारण हक्कांसाठी प्रीमियर लीगला पैसे देते. २०२२ ते २०२५च्या करारांत परदेशी हक्कांची रक्कम पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या हक्कांपेक्षा जास्त झाली. परदेशी रक्कम पूर्वी वीस क्लबांत समान वाटली जायची. २०१९ पासून वाढीव भाग क्रमांकानुसार वाटतात, पण सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाटा यांचं प्रमाण १.८ ला १ याच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे फक्त लिव्हरपूल पाहण्यासाठी भरलेल्या पैशातून तळाच्या क्लबलाही लिव्हरपूलच्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त मिळतं. क्लबला थेट पोचणारा पैसा म्हणजे सदस्यत्व, क्लबच्या दुकानातली खरेदी आणि तिकीट.

एवढा पैसा बाहेरून येतो म्हटल्यावर मालकांना बाहेरचं गिऱ्हाईक जास्त दिसू लागतं. २००८ मध्ये लीगनं ३८ सामन्यांशिवाय एक ३९वा सामना परदेशात खेळवण्याची कल्पना मांडली होती. विरोधामुळे ती बारगळली. २०२५ मध्ये स्पेनमधला व्हिलारेआल-बार्सिलोना सामना मियामीला न्यायचं ठरलं आणि तेही रद्द करावं लागलं. यात लांबच्या पाठीराख्यानं कोणती बाजू घ्यावी? सामना मुंबईला आला तर आनंद कोणाला होणार नाही. पण २० क्लब, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, यातच लीगचा न्याय आहे. कोणाशी घरी खेळायचं, कोणाशी तिसऱ्याच देशात, हे नशिबावर सोडलं की ती तुल्यता जाते. आणि ज्या अ‍ॅनफिल्डसाठी आपण रात्री जागतो, त्यातले लोक त्या सामन्यात नसतील.

त्या लोकांची ताकद फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसली. मालकांनी मुख्य स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं होतं. संदरलँडविरुद्ध ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. तेव्हा संघ २-० पुढे होता, सामना २-२ असा संपला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा दोन दिवसांत कोसळली, तेव्हाही रस्त्यावर उतरलेले हेच होते. त्यानंतर लिव्हरपूलमध्ये पाठीराख्यांचं मंडळ नेमलं गेलं आणि काही मोठ्या निर्णयांवर मालकांनी त्याच्याशी चर्चा करणं बंधनकारक झालं. स्पिरिट ऑफ शँकली ही पाठीराख्यांची संघटना २००८ पासून काम करते आणि परदेशातल्या पाठीराख्यांनाही तिचं सभासद होता येतं.